फाउंडेशनचं अनुदान मागण्याआधी फाइल बघा

गोव्यात घराण्यांनी समाजकार्यात पैसा घालणं नवं नाही. मिरामारचं धेंपे कॉलेज, मडगावचं चौगुले कॉलेज ही नावं कुटुंबांचीच आहेत. मात्र आज डिचोलीतलं एखादं वाचनालय कौटुंबिक फाउंडेशनकडे दोन-तीन लाख मागायला जातं, तेव्हा 'भाटकारांच्या', म्हणजे जमीनदारांच्या, 'कानावर घालून येऊ' म्हणून भागत नाही. फाउंडेशन बहुधा स्वतःच एक ट्रस्ट असतं आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब त्याला प्राप्तिकर खात्याला द्यावा लागतो. म्हणून तुमचं काम कितीही चांगलं असलं तरी आधी कागद तपासले जातात.

अर्ज करणारी संस्था नोंदणीकृत हवी. ती १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची सोसायटी असेल, ट्रस्ट असेल किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची बिगरनफा कंपनी. त्याशिवाय प्राप्तिकराची १२-एबी नोंदणी, म्हणजे संस्थेच्या करमाफीची नोंदणी, चालू असावी लागते. नव्या संस्थेला ती तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते, त्यामुळे दाखल्यावरची तारीख बघूनच अर्ज भरा. लोक ८०-जीचीच, म्हणजे देणगीदाराला मिळणाऱ्या करसवलतीची, जास्त काळजी करतात. खरं तर फाउंडेशनला ती सवलत लागत नाही. त्या घरातलं कोणी स्वतःच्या खिशातून देणार असेल तर ८०-जी उपयोगी पडते. नव्या प्राप्तिकर कायद्यात १ एप्रिल २०२६ पासून या कलमांचे आकडे बदलले, पण बोलताना सगळे अजून जुनेच आकडे वापरतात.

फाइलमध्ये नोंदणी दाखला, घटना, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, कार्यकारिणीची यादी आणि अर्ज करण्याचा ठराव एवढं असलं की बहुतेक ठिकाणी चालतं. सोसायटीने ही यादी दरवर्षी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत निबंधकाकडे द्यायची असते. अनेक संस्था ते विसरतात आणि दाखल यादीत निवर्तलेला खजिनदार तसाच राहतो. वर्ग देवळाच्या सभागृहात भरत असेल तर देवस्थान समितीचं नाहरकत पत्रही जोडा.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेलाय तो नावांत. एका वाचनालयाची फाइल लावताना नोंदणी दाखल्यावर 'बिचोलिम' (डिचोलीचंच इंग्रजी नाव) होतं, पॅनवर 'डिचोली' आणि बँकेत तिसरंच काहीतरी. अध्यक्षांचं आडनाव एका जुन्या कागदावर पोर्तुगीज वळणाने, तर आधारवर मराठी उच्चाराप्रमाणे. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण छाननी करणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात. पॅन आणि बँकेतलं नाव आधी एकसारखं करून घ्या. बाकीच्या फरकासाठी एक प्रतिज्ञापत्र पुरतं.

दुसरी अडचण खास आपली. संस्थेच्या मदतीला लिस्बन-लंडनमधले नातेवाईक धावून येतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून पैसे दिले तर ते विदेशी अंशदान, म्हणजे कायद्याच्या लेखी परदेशी देणगी, होत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्याने दिले तर होतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरी. एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी, नसताना असे पैसे खात्यात आले असतील तर ते हिशेबात दिसतात आणि अर्ज तिथेच अडतो. २९ सप्टेंबर २०२० नंतर एका संस्थेला विदेशी पैसा दुसरीला वाटताही येत नाही. त्यामुळे फाउंडेशनला विदेशातून पैसा येत असेल तर त्यातला तुम्हाला मिळणार नाही.

आता मागणीबद्दल. 'कायम निधीसाठी पाच लाख द्या' असं लिहू नका. कायम निधी म्हणजे मुद्दल तसंच ठेवून फक्त व्याज वापरायचं तो. एका ट्रस्टने दुसऱ्याच्या कायम निधीत घातलेली रक्कम करमाफीच्या हिशेबात खर्च म्हणून धरलीच जात नाही. साध्या अनुदानाचंसुद्धा २०२३ च्या वित्त कायद्यापासून ८५ टक्केच धरलं जातं. त्यामुळे ठरावीक काम आणि ठरावीक मुदत मागा. सत्तरी तालुक्यातल्या दोन गावांत वर्षभर संध्याकाळचा अभ्यासवर्ग, दोन शिक्षिकांचं मानधन, पुस्तकं, वीज, येण्याजाण्याचा खर्च, असं मांडा. मानधन लपवून 'इतर खर्च' फुगवला तर तो आकडा लगेच डोळ्यांत भरतो. जत्रा, पालखी, देवळाचा रंग असली कामं बहुतेक फाउंडेशनं घेत नाहीत.

आधी दोन पानांचं टिपण जातं, ते आवडलं तर पूर्ण प्रस्ताव मागवतात, मग कोणीतरी जागा बघायला येतं. निर्णय विश्वस्तांच्या बैठकीत होतो. गोव्यात सोयरीक नसलेली दोन माणसं सापडणं कठीण, म्हणून तुमच्या कार्यकारिणीतलं कोणी विश्वस्तांचं नातेवाईक असेल तर ते अर्जातच लिहा. विश्वस्तांच्या नातलगांना लाभ मिळाला तर फाउंडेशनची करमाफी अडचणीत येऊ शकते, आणि हे नंतर कळलं की पुढच्या वर्षीचं दार बंद होतं.

मंजुरीनंतर करार होतो आणि पैसे हप्त्यांनी येतात. पुढचा हप्ता अहवाल आणि सीएने सही केलेलं उपयोगिता प्रमाणपत्र पोचल्यावर. दुकानातल्या यंत्राच्या पावत्यांवरची अक्षरं काही महिन्यांत फिकी पडू शकतात. पावती हातात आली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून मूळ पावतीमागे टाचून ठेवा.