ओबी_फ्लश आणि फ्लश: नेमकं कोण काय रिकामं करतं?

वेब पानं तयार करणाऱ्या पीएचपी या भाषेत फ्लश करणारी, म्हणजे साठलेला मजकूर पुढे ढकलणारी, जी फंक्शन्स आहेत त्यांतली दोन म्हणजे ओबी_फ्लश आणि फ्लश. बऱ्याच कोडमध्ये ती एकाखाली एक दिसतात, कारण दोन्ही लिहिली की काम होतं एवढंच लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. त्यातलं एक काढायची वेळ आली की मात्र हात थबकतो.

ओबी_स्टार्ट केलं की पुढच्या प्रत्येक एकोचा (छापण्याच्या आज्ञेचा) मजकूर थेट बाहेर न जाता पीएचपीच्याच मेमरीत, म्हणजे बफरात, साठतो. ओबी_फ्लश हा साठा एक पायरी खाली ढकलतं, बस्स. त्या पायरीवर दुसरा बफर असेल (बफर एकात एक उघडता येतात) तर मजकूर त्यात जाऊन पडतो आणि ब्राउझरला पत्ताही लागत नाही. किती बफर उघडे आहेत ते ओबी_गेट_लेव्हल सांगतं. गंमत म्हणजे तुम्ही एकही उघडला नसला तरी उत्तर 1 येऊ शकतं. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना पीएचपी.आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलींत आउटपुट_बफरिंग 4096 ठेवलेलं असतं, त्यामुळे तेवढ्या बाइटांचा एक बफर आपोआप उघडतो. कमांड लाइनवर ही सेटिंग नेहमी शून्यच असते. त्यामुळे टर्मिनलवर एकेक ओळ छापत जाणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर बफर भरेपर्यंत किंवा शेवटपर्यंत गप्प राहते आणि मग साठलेलं सगळं एकदम ओतते.

फ्लशचा या बफरांशी काहीच संबंध नाही. त्यांच्यातून सुटून जे सर्व्हरशी बोलणाऱ्या थरात अडकलं असेल, तेवढंच ते पुढे पाठवतं. बफर चालू असताना नुसतं फ्लश केलं तर ना एरर, ना परिणाम. बफर नसताना ओबी_फ्लश केलं तर निदान नोटीस तरी येते. मला फ्लशचं हे मौनच जास्त त्रासदायक वाटतं. तेव्हा आधी ओबी_फ्लश, मग फ्लश. क्रम उलटा केला तर फ्लशच्या वाट्याला काही येतच नाही.

एवढं करूनही पान तुकड्यातुकड्याने दिसेलच असं नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं स्वतःचं बफरिंग असतं, मजकुराचा आकार कमी करणारं जीझिप तो दाबण्यासाठी अडवून धरतं. तिथे ही दोन्ही फंक्शन्स पोचत नाहीत.

आणि हेडर, म्हणजे पानाच्या आधी ब्राउझरला जाणारी माहिती. सगळ्यात बाहेरच्या बफरातून पहिला बाइट सुटला की हेडरही रवाना होतात. मग कुकी, रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं), स्टेटस कोड काहीच बदलता येत नाही. कित्येक जुन्या साइट्सवर एकोनंतर केलेलं रीडायरेक्ट चालतं ते त्या 4096च्या कृपेने. पानाचा मजकूर वाढून तेवढ्या बाइटांवर गेला की बफर आपणहून रिकामा होतो आणि कोडला कुणी हात लावलेला नसतानाही ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ची वॉर्निंग उगवते. आकडा वाढवून ती तात्पुरती गप्प होते. रीडायरेक्टचा निर्णय पहिल्या एकोच्या आधी नेला तर ती येतच नाही.