पहाटेचा ऑक्सिजन, दगडाखालच्या अळ्या

नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दिवसभर सारखा नसतो. उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, म्हणून दुपारी तो चढतो. रात्री त्याच वनस्पती, मासे, जिवाणू असे सगळेच तो वापरत राहतात, आणि सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वात कमी भरतो. सांडपाण्यावर शेवाळ माजलेल्या नदीत दुपारचा आकडा झकास येतो; पहाटे तिथेच मासे वर येऊन धापा टाकत असतात. त्या वेळी काठावर हजर राहणं जवळपास राहून नदीचं पाणी तपासणाऱ्या स्वयंसेवकालाच जमण्यासारखं आहे. त्याच्या कामाचं मोल मला सर्वात जास्त इथे वाटतं.

काम अवघड नाही, पण शिस्तीचं आहे. जागा तीच, वेळ तीच. बाटली पाण्याखाली भरायची आणि तिथेच बुच लावायचं. आत एक बुडबुडा जरी राहिला तरी त्यातल्या हवेचा ऑक्सिजन पाण्यात उतरून आकडा फुगू शकतो. पाण्याचं तापमान नोंदवायलाच हवं: 20 अंश सेल्सिअसला एक लिटर गोडं पाणी हवेतून सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, 30 अंशांना जेमतेम साडेसात. सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी) आणि गढूळपणाही त्याच फेरीत मोजून होतो.

तरीही रासायनिक चाचणी सांगते ती त्या क्षणापुरती. रात्री सोडलेलं रसायन सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं. दगडाखालचे कीटक मात्र तिथेच असतात. स्टोनफ्लाय या उडत्या कीटकाची पिल्लं कित्येक महिने, काही जातींत वर्षाहूनही जास्त काळ पाण्यात काढतात आणि ऑक्सिजन घटला की लवकर नाहीशी होतात. मेफ्लाय या अशाच दुसऱ्या कीटकाच्या बहुतेक जातीही अशाच नाजूक. उलट कायरोनोमिड (डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या) माश्यांच्या लालभडक अळ्या ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या हिमोग्लोबिनच्या जोरावर कुजक्या गाळातही तग धरतात. नाजूक जाती गेल्या आणि लाल अळ्याच उरल्या, तर प्रदूषणाचा संशय घ्यायला जागा आहे. संशयच म्हणायचं, कारण नुकताच आलेला पूर किंवा बदललेला ऋतूही कीटक कमी करतो. यासाठी त्याच जागेच्या मागच्या वर्षांच्या नोंदी लागतात, आणि ‘विशेष काही नाही’ असं लिहिलेले दिवसही त्यात हवेत. बिघाड कधी सुरू झाला हे त्यांच्यावरूनच ठरतं.

पाहून झालं की दगड होता तसाच ठेवावा. दुसऱ्या नदीवर जाण्याआधी जाळी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवावेत, नाहीतर एका पाण्यातले उपरे जीव दुसऱ्या पाण्यात पोचतात.