चौकटीबाहेर सांडलेली अक्षरे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी सातबाऱ्यासाठी रांगेत उभे असताना ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द कानी पडले, की ‘कोणीतरी भलती फाईल उघडली असेल’ असा निष्कर्ष लगेच निघतो. डेटाबेस सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी मात्र कोणी काही उघडावेच लागते असे नाही. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाच्या अवघ्या ३७६ बाइटच्या संदेशाने, म्हणजे युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीतील जेमतेम सव्वाशे देवनागरी चिन्हांच्या जागेत मावणाऱ्या मजकुराने, जगभरातील किमान ७५ हजार यंत्रे ग्रासली, आणि त्यांपैकी बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून संदेश आत येण्याच्या क्रमांकित दारावर, एक चौकशी खिडकी होती. तिथे पासवर्ड लागत नसे. चौकशीत आलेले नाव प्रोग्राम स्मृतीतल्या ठरावीक लांबीच्या जागेत उतरवून घेई, पण त्याची लांबी मोजत नसे. अर्जावर नावासाठी सोळा चौकटी असाव्यात, त्यांच्याच पुढे ‘यानंतर कोणत्या टेबलावर जावे’ हे कारकुनाने लिहून ठेवलेले असावे, आणि अर्जदाराचे लांबलचक नाव त्यावरच चढावे, तसे इथे घडले. स्टॅक म्हणवणाऱ्या स्मृतीत हातातले काम संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता जवळच ठेवलेला असतो, आणि सांडलेल्या बाइटांनी तोच पुसून नवा लिहिला. यातला खरा कस पुढे आहे: आपला संदेश स्मृतीत नेमका कुठे पडेल हे हल्लेखोराला आधी ठाऊक नसते, म्हणून त्याने सर्व्हरच्याच प्रोग्राममध्ये आधीपासून असलेल्या, ‘स्टॅकच्या माथ्यावर जे असेल ते चालव’ अशा अर्थाच्या सूचनेचा पत्ता तिथे लिहिला. माथ्यावर अर्थातच त्याचाच मजकूर होता. तो चालू झाला आणि वाटेल त्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडू लागला.

संगणकाला लिंबू-मिरची बांधल्याने ही लांबी मोजली जात नाही, आणि ‘अभेद्य सुरक्षा’ अशा जाहिरातीनेही नाही; ती प्रोग्राममध्येच मोजावी लागते.

ती मोजणारी दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती. स्लॅमर फक्त स्मृतीत राहत असल्यामुळे यंत्र बंद करून सुरू केले की नाहीसा होई, पण दुरुस्ती नसलेल्या यंत्रात तो लवकरच परत येई. शिवाय याच सर्व्हरची छोटी आवृत्ती इतर कित्येक सॉफ्टवेअरांसोबत आपोआप बसवली जात असल्याने, आपल्या यंत्रात डेटाबेस सर्व्हर आहे हेच अनेक मालकांना माहीत नव्हते.