ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी दिवा का लागतो?

डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लागतं. गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ‘पी०१७१’ येतं आणि लगेच निकाल लागतो: ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलू या.’ काही हजार रुपये जातात, कोड पुसला जातो आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा हजर. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. सेन्सर बिघडलाय असं तो कोड म्हणतच नाही. मिश्रण ‘लीन’ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो सांगतो.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळण्यासाठी एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवतात. १९७६ साली बॉशचा असा सेन्सर व्होल्वोच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रथम आला. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर नेहमीचा झिर्कोनिया सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, नसेल तर ०.९ च्या आसपास. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडावं लागतंय, तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म सवयीसारखा मुरलेला असतो. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत चिंता नाही. दोन्हींची बेरीज अधिक २५ च्या आसपास गेली आणि सलग दोन फेऱ्यांत तसंच दिसलं, की बहुतेक गाड्यांत हा कोड पडतो.

आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे ई२० ला १४.७ ऐवजी साधारण १३.५ पट हवा पुरते. जुन्या गाडीचा ट्रिम त्यामुळे थोडा वर सरकतो. तेवढ्यावरून कोड सहसा पडत नाही, पण आधीच दुसरी काही खोट असेल तर तिला हातभार लागतो.

खरी गंमत आहे ती आकडा कधी चढतो हे पाहण्यात. गाडी गरम करून आयडलिंगवर ट्रिम वाचायचा, मग रेस २५०० आरपीएमवर धरून पुन्हा वाचायचा. आयडलिंगला अधिक २२ आणि रेस दिल्यावर अधिक ४, असं दिसलं तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, कुठेतरी चोरवाट आहे. आयडलिंगला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि आतली ओढ सर्वात जास्त. भेगाळलेल्या स्ट्रॉने शहाळ्याचं पाणी ओढताना मधूनच हवा यावी, तशी न मोजलेली हवा आत शिरते. रेस दिल्यावर मोजलेली हवाच इतकी वाढते की चोरटीचा वाटा नगण्य होतो. उलट, चढावर किंवा वेगात आकडा वाढत असेल तर पेट्रोलचा पंप, तुंबलेला फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणारा, मळलेला एअरफ्लो सेन्सर तपासायचा. (एअरफ्लोऐवजी इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असलेल्या गाड्यांत चोरटी हवाही बरीचशी हिशेबात येते; तिथे आयडलिंगचा चढलेला आरपीएम जास्त बोलका.) ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, एक्झॉस्ट गळत असेल तर बाहेरची हवा ओढली जाऊन लीनचा नुसता भास होतो.

चोरवाट बरेचदा पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा इनटेकमध्ये नेणाऱ्या, रबरी पाइपात सापडते. वरून तो धडधाकट दिसतो. बोटांनी वाकवला की वळणाच्या आतल्या बाजूला चीर उघडते. सापडत नसेल तर इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं सर्वात खात्रीचं. चालू, तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून शोधायची पद्धतही गॅरेजमध्ये चालते, पण तो द्रव पेट घेतो; घरी तो उद्योग नको.

पाइप बदलल्यावर कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवावा. कोड पडला त्या क्षणीचा वेग, तापमान, ट्रिम सगळं त्यात असतं आणि पुसताना तेही जातं. मग तशाच वेगात, तशाच रस्त्यावर गाडी चालवून लाँग टर्मचा आकडा शून्याकडे येतोय का ते पाहायचं.