अक्षाच्या कोपऱ्यातला आकडा

फोर्ट्रान ही प्रोग्रॅमिंग भाषा १९५७ साली आली तेव्हापासून आकडा कसा छापायचा हे प्रोग्रॅम लिहिणाराच सांगत असे: एकूण जागा किती, त्यांतल्या दशांश चिन्हानंतरच्या किती. सी भाषेतल्या प्रिंटएफ या छपाईच्या फंक्शनने ती पद्धत आटोपशीर केली आणि १९८६ मध्ये आलेल्या ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमने ती थेट आलेखाच्या अक्षांवर नेली. 'सेट फॉरमॅट' लिहून प्रिंटएफची खूण दिली की काम होई. न दिल्यास मोठे आकडे ई-पद्धतीने ('१ई६' म्हणजे १ गुणिले १० चा सहावा घात, दहा लाख) छापले जात, पण निदान अक्षावरच्या प्रत्येक खुणेजवळ पूर्ण आकडा असे. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरने सगळ्या आकड्यांतला दहाचा सामाईक घात बाहेर काढून अक्षाच्या टोकाशी लिहायची सवय लावली.

पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या ग्रंथालयाने (तयार कोडच्या संचाने) ही सवय घेतली आणि तिच्यात आणखी एक भर घातली. सगळे आकडे एकमेकांच्या फार जवळ असतील, तर त्यांच्यातला सारखा भाग वजा करायचा, उरलेला फरक खुणांवर दाखवायचा आणि वजा केलेली रक्कम कोपऱ्यात अधिक चिन्हासह लिहायची. यालाच ऑफसेट म्हणतात. त्यामागचे कारण रास्त होते. प्रयोगशाळेत वारंवारता १००.०००१ ते १००.०००९ अशी बदलत असेल, तर पूर्ण आकडे एकमेकांवर चढतात आणि महत्त्वाचा फरक शेवटच्या अंकात दडून राहतो.

पण हे सगळे न विचारता होत असे. २००१ ते २००९ ही वर्षे आडव्या अक्षावर घेतली, की जुन्या आवृत्त्यांत खाली ०, १, २ असे ८ पर्यंत आकडे येत आणि उजव्या टोकाला बारीक अक्षरांत '+२.००१ई३', म्हणजे २००१ मिळवा. वर्षांची बेरीज करत आलेख कोणी वाचत नाही. शिवाय आलेख कापून अहवालात चिकटवताना नेमका तो कोपराच निसटतो आणि उरलेले आकडे सरळसरळ खोटे ठरतात. जानेवारी २०१७ मधल्या २.० आवृत्तीत उंबरठा वाढवला गेला: खुणांवरचे किमान चार अंक कमी होत असतील तरच ऑफसेट लागेल. वर्षांचा प्रश्न त्याने मिटला, पण ऑफसेट आपोआप लागणे मूळ सेटिंगमध्ये तसेच राहिले. ते तेव्हाच बंद करायला हवे होते. ज्याला सूक्ष्म फरक दाखवायचा आहे त्याला ते चालू करणे अवघड नाही. ज्याला ऑफसेट म्हणजे काय हेच माहीत नाही त्याला ते बंद करणे मात्र फार अवघड जाते.

त्यात नावांचा घोळ आहे. त्याच कोपऱ्यात कधी मिळवायची रक्कम येते, कधी गुणायचा घात, आणि ग्रंथालय दोन्हींना 'ऑफसेट टेक्स्ट' म्हणते. त्यामुळे 'यूजऑफसेट' हे सेटिंग बंद करूनही '१ई६' जागचा हलत नाही. तो घालवायला आकड्यांची शैली 'प्लेन' (साधी) करावी लागते. फरक ओळखायची खूण एकच: पुढे अधिक किंवा उणे चिन्ह असेल तर मिळवायचे, नसेल तर गुणायचे.

हा घात मराठी वाचकाला जास्त त्रास देतो. आताच्या मूळ सेटिंगप्रमाणे अक्षाचा पल्ला दहा लाखांवर गेला की तो लागतो. २०११ च्या जनगणनेतली कोकण विभागातल्या जिल्ह्यांची लोकसंख्या स्तंभांत मांडा. तेव्हाच्या अविभाजित ठाण्याची संख्या १ कोटी १० लाखांवर असल्याने कोपऱ्यात '१ई७' येते आणि सिंधुदुर्ग शून्याला चिकटतो. पुणे विभागात सर्वांत मोठा आकडा पुण्याचा, ९४ लाखांचा; तिथे '१ई६' येते. दोन आलेख शेजारी ठेवले तर ठाणे १.१ आणि पुणे ९.४ दिसते! '१ई७' म्हणजे कोटीच, पण तसे कोणी वाचत नाही.

लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम देण्याची सोय सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित आवृत्तीतच होती. गटांची लांबी आधी तीन, मग दोन अशी सांगता येई. पायथनने २००९ मध्ये स्वल्पविरामाची सोपी खूण आणली तेव्हा स्थानिक पद्धती मुद्दाम बाजूला ठेवून दर तीन अंकांनी तोडणे पक्के केले. त्या खुणेने १२३४५६७ चे १,२३४,५६७ होते. एक्सेलमध्ये फॉरमॅटच्या शेवटी दिलेला स्वल्पविराम हजाराने भागतो, दोन दिले तर दशलक्षाने. लाखाने भागणारी खूणच नाही. आकडेशास्त्रासाठीच्या आर भाषेत तर नेमक्या एक लाखाचे '१ई+०५' होते, कारण तसे लिहिल्यास एक अक्षर कमी लागते. ब्राउझरमध्ये आलेख काढणाऱ्या डी३ मध्ये भारतीय गटवारी लोकेलमधून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमधून) मिळते. ब्राउझरला मराठी लोकेल दिले तर १२,३४,५६७ असे देवनागरी अंकांतच येते.

मॅटप्लॉटलिबमध्ये आजही खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतःचे छोटे फंक्शन लिहून आकड्याला एक कोटीने भागणे आणि खुणेजवळच 'कोटी' छापणे. त्यासाठी देवनागरी फॉन्ट वेगळा द्यावा लागतो, कारण सोबत येणाऱ्या डेजाव्हू सॅन्समध्ये देवनागरी अक्षरे नाहीत.