धारोष्ण

धारोष्ण (विशेषण) : नुकत्याच काढलेल्या, धारेची ऊब अजून न गेलेल्या दुधाचे विशेषण. धारा + उष्ण असा संधी, समास तत्पुरुष. दूध सोडून दुसऱ्या कोणत्याही पदार्थाला ते लागत नाही. निरसे दूध म्हणजे केवळ न तापवलेले. सकाळी काढलेले दुपारीही निरसेच. धारोष्णपण मात्र काही मिनिटांचे. ती ऊब जनावराच्या अंगाची, सुमारे ३८ अंश सेल्सिअस.

शब्द आयुर्वेदाचा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात कच्चे दूध पचायला जड म्हटले आहे, पण धारोष्ण दुधाला ‘अमृतोपम’ हे विशेषण दिले आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश जनावरांत भेद करतो : गाईचे दूध धारोष्ण चांगले, म्हशीचे ‘धाराशीत’, म्हणजे काढून निवल्यावर.

कोल्हापूरने हे पथ्य फारसे मनावर घेतलेले नाही. इथे धारोष्ण म्हणजे म्हशीचेच. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या इथल्या तालमींत दूध, तूप, बदामाची थंडाई हा पैलवानाचा खुराक. त्याला म्हशीचे दाट दूध मानवते. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के, म्हशीच्या दुधात ६ ते ८. तालमीचे तोंड न पाहिलेलेही कट्ट्यावर येतात, ते बहुधा आणखी एका कारणाने : डोळ्यांदेखत काढलेल्या दुधात पाणी घालायला वाव नसतो.

या व्यवहाराला म्हैसही तशीच लागते. लांब, तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातली. भर वस्तीत, गर्दीतही ती पान्हा सोडते. बुजणारी म्हैस कट्ट्यावर काय कामाची?

‘अमृतोपम’ म्हणणाऱ्यांना जंतूंची कल्पना असण्याचे कारण नव्हते. कासेच्या उबेने जंतू मरत नाहीत, उलट ती त्यांना पोषकच असते. जनावर बाधित असेल, तर न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकतात. पाश्चरीकरणात दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात. घरी एक उकळी पुरते; मात्र मग ते दूध धारोष्ण राहत नाही.