कॉलेजं उघडली, पण खिडक्या?

ऑक्टोबर २०२१. २० तारखेपासून महाराष्ट्रातली कॉलेजं उघडणार, अट एवढीच की पोरं १८ च्या वरची आणि कोविड लशीचे दोन्ही डोस झालेली हवीत. ऐकायला सोपं, पण हिशोब करून बघा. कोविशील्डच्या दोन डोसमध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर, दुसऱ्यानंतर प्रतिकारशक्ती नीट तयार व्हायला अजून दोनेक आठवडे, म्हणजे १४ जुलैच्या आत पहिला डोस मिळालेलाच त्या दिवशी तयार गडी. आणि तेव्हा लशीचा स्लॉट मिळवताना काय तारांबळ उडायची ते आठवतंय ना? १५ ते १८ वाल्यांची लस तर थेट जानेवारी २०२२ ला सुरू झाली.

माझ्या पुतण्याच्या कॉलेजात गेटवर वॉचमनकाका मनगटाला थर्मल गन लावायचे, हातावर सॅनिटायझर, झालं, जा आत. आता कोविडचा माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच विषाणू पसरवायला लागतो, तरण्या पोरांना तर कित्येकदा ताप येतच नाही, मग ती गन पकडणार काय?

खरी भानगड हवेची. उदबत्ती लावली की धूर खोलीभर होतो ना, तसेच श्वासातले बारीक थेंब बंद वर्गात तरंगत राहतात. ते सहज मोजता येत नाहीत, पण त्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. बाहेरच्या हवेत तो तेव्हा दहा लाखात साधारण ४१५ भाग होता, आणि आपण सोडलेल्या श्वासात जवळपास ४०,०००. वर्गात मीटर २,००० दाखवत असेल तर तिथली सुमारे ४ टक्के हवा कुणाच्या तरी फुप्फुसातून आधीच फिरून आलीये, म्हणजे तुमचा प्रत्येक पंचविसावा श्वास उष्टा! मला तरी हे कळल्यापासून भरलेल्या हॉलमध्ये बसवत नाही. मास्क होते म्हणा, पण हॉस्टेलच्या मेसमध्ये ते खिशात, आणि गप्पा मात्र जोरजोरात.

खिडक्या समोरासमोर उघडल्या की आकडा पटकन उतरतो. एसीने नाही उतरत, साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो, बाहेरची आणत नाही. पुतण्याच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांनी एसी बंद करून खिडकी उघडायला सांगितली, तर ती खिळे ठोकून बंद केलेली. का तर म्हणे धुळीने मशीन खराब होतात.